कॉइल जळते पावसाळ्यात, दुखणं मात्र उन्हाळ्यातलं

प्रश्न

दादा, सप्रेम नमस्कार. लातुरात आमचं मुलींचं खासगी वसतिगृह आहे. नीटच्या क्लासला बाहेरगावाहून येणाऱ्या ६४ मुली, २२ खोल्या, तळमजल्यावर मेस. पाणी मुख्यतः बोअरचं. महापालिकेचं पाणी येईल तेव्हा हौदात भरून पिण्यासाठी राखून ठेवतो, उन्हाळ्यात टँकर. गच्चीवर ५०० लिटरच्या सहा टाक्यांचं ट्यूबवालं सोलर चार वर्षांपूर्वी बसवलं. ढगाळ दिवसांसाठी शेवटच्या दोन टाक्यांत इलेक्ट्रिक कॉइल आहेत. मागच्या वर्षी जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबरात कॉइल जळाली, यंदा जूनअखेर आणि पुन्हा जुलैत. गरम नळाची धार करंगळीएवढी, शेजारच्या गार नळाला मात्र चांगला जोर. शॉवरच्या जाळ्या दर महिन्याला टाचणीनं टोकराव्या लागतात. मेसच्या मावशी म्हणतात, सोडा घातल्याशिवाय डाळ शिजत नाही. मुलींच्या आयांचे केस गळतात म्हणून फोन येतात. प्लंबर म्हणतो टाकीत ॲसिड सोडू, एक जण पाइपला चुंबक बसवून देतो म्हणतो, तिसरा अख्ख्या इमारतीला आरओ. टीडीएस ११५० आहे. बोअरच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट सोबत जोडते. कुणाचं ऐकू?
एक वसतिगृहचालक, लातूर

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. कॉइल कोणकोणत्या महिन्यात जळाली, ती. इतर सगळं, म्हणजे बारीक धार, बुजलेल्या जाळ्या, न शिजणारी डाळ, हे जड पाण्याच्या गावात घरोघरी असतं. पण पाचपैकी चार कॉइल जूनअखेर ते ऑगस्टमध्ये जळाल्या, याचा अर्थ घाण त्याआधी साचली आहे आणि पावसाळ्यात तिचा फक्त पंचनामा होतो आहे.

तुमच्या गच्चीवर वर्षभर काय चालतं ते बघा. मार्च उजाडला की लातूरचं ऊन वाढतं, सोलरच्या टाक्या पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर जातात आणि ६४ मुली रोज त्यातलं पाणी उपसून नवं बोअरचं पाणी आत ओढत राहतात. मग मेच्या सुरुवातीला नीटची परीक्षा होते, बहुतेक मुली बॅगा बांधून घरी जातात आणि ऐन उन्हात तुमचं वसतिगृह रिकामं पडतं. सोलरला ते कुणी सांगितलेलं नसतं. ते पाणी तापवतच राहतं आणि वापर नसल्यानं तेच पाणी दिवसचे दिवस टाकीत उकडत बसतं. उरलासुरला चुनाही मग पाणी सोडून देतो. जूनमध्ये नवी बॅच येते, ढग येतात, तुम्ही बॅकअपचं बटण दाबता. कॉइल टाकीच्या बुडाजवळ आडवी असते आणि तिच्या आजूबाजूला तोवर चिखलासारखा पांढरा गाळ बसलेला असतो. गाळात पुरलेल्या कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, ती स्वतःच तापत जाते आणि जळते. नवी कॉइल बसवणारा माणूस गाळ काढत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. डिसेंबरचं प्रकरणही याच गाळाचं.

तापवल्यावरच का? शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो, त्यातलाच हा भाग आहे. आपल्याकडचा काळा बेसाल्ट आणि वरच्या मातीतली चुनखडी यांमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच, बाहेर पडतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलट आहे. म्हणून त्याच बोअरचं पाणी गार पाइपात गुपचूप वाहतं आणि गरम पाइपात कडी धरतं. खात्री करायची तर बोअरचं पाणी स्वच्छ पातेल्यात दहा मिनिटं उकळून गार होऊ द्या. वर पांढरट साय दिसेल, बुडाला बोट फिरवलं तर खरखरीत लागेल.

आता रिपोर्ट. एकूण हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, ६२० आणि अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानानं त्यातल्या बायकार्बोनेटचं माप, ३४०, दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात हार्डनेस २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं म्हटलेलं आहे. तुम्ही त्या शेवटच्या रेघेच्याही पलीकडे आहात. पण टाकीच्या दृष्टीनं ६२० पेक्षा ३४० हा आकडा महत्त्वाचा. ढोबळमानानं तापवल्यावर खाली बसू शकणारा भाग तेवढाच, बाकीचे २८० उकळूनही पाण्यातच राहतात. तुमच्या ३,००० लिटरमध्ये असा जवळजवळ एक किलो चुना आहे. त्यातला पाव हिस्सा जरी आत बसला तरी रोजचे अडीचशे ग्रॅम, महिन्याचे साडेसात किलो. चार वर्षांचा हिशेब मी करत नाही, तुम्हीही करू नका.

टीडीएस मात्र बाजूला ठेवा. ११५० हा आकडा पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतो, त्यातले चुना धरणारे किती ते सांगत नाही. पेनासारखा मीटर बुडवून 'बघा किती खराब पाणी' म्हणणारा विक्रेता बहुतेक वेळा आरओ विकायला आलेला असतो.

एक गैरसमजही जाता जाता काढून टाकतो. क्षारानं विजेचं बिल दुप्पट होतं असं सगळे म्हणतात. हीट पंपात किंवा गॅसच्या बॉयलरमध्ये क्षाराचा थर खरंच भुर्दंड लावतो. पण पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? ती उशिरा का होईना, पाण्यातच जाते. तुमचा खर्च बिलात कमी आणि कॉइल, प्लंबरची मजुरी आणि आयांचे फोन यांत जास्त आहे.

आता करायचं काय ते सांगतो. पहिलं काम टाक्या उघडण्याचं. प्लंबरला पहाटे बोलवा, ऊन चढायच्या आत. कॉइलचा फ्लँज, म्हणजे ती जिथे टाकीला बोल्टांनी बसवलेली असते ती चकती, खोलून हात आत जाईल तेवढा गाळ प्लॅस्टिकच्या डबड्यानं उपसा. लोखंडी खुरपं आत घालू देऊ नका, स्टीलच्या टाकीला ओरखडे पडतात. प्रत्येक टाकीची एखादी ट्यूब काढून तिचा खालचा बंद टोकाकडचा भाग बघा, तिथे वीतभर पांढरी भुकटी साचलेली सापडेल. ट्यूब धुऊन भरून लगेच परत बसवा. रिकामी ट्यूब उन्हात तापली आणि तिच्यात गार पाणी शिरलं तर काच तडकते.

टाकीच्या वरच्या हवेच्या नळीकडे हटकून लक्ष द्या. वाफेबरोबर तिच्या तोंडाशीही क्षार धरतो आणि ती बुजते. मग पाणी उपसताना टाकीत हवा येत नाही आणि टाकी आत चेपते. तार घालून ती मोकळी करून घ्या, हे पाच मिनिटांचं काम आहे.

ॲसिडबद्दल माझं स्पष्ट मत आहे. बाथरूम धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते टाकीत अजिबात घालू देऊ नका. क्षार ते नक्की खातं, पण त्यातलं क्लोराइड स्टीलच्या वेल्डच्या कडेनं बारीक भोकंही पाडतं, आणि जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचं जस्त तर पहिल्याच धुण्यात जातं. एका लॉजवर मी हे डोळ्यांनी बघितलंय. टाक्या आरशासारख्या झाल्या, मालक खूश झाला, आणि चार महिन्यांनी दोन टाक्या वेल्डपाशी पाझरू लागल्या. तिथला पोऱ्या त्याच दिवशी त्याच न्हाणीघरात ब्लीचिंग पावडर टाकायला निघाला होता. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. तुमच्याकडे मुली राहतात, हे प्लंबरला दोनदा सांगा.

त्याऐवजी सायट्रिक ॲसिड घ्या, तेच मेसमधलं लिंबाचं सत्त्व. एक किलो क्षाराला साधारण सव्वा ते दीड किलो लागतं. म्हणून आधी हातानं उपसा आणि उरलेला थरच सत्त्वानं विरघळवा, नाहीतर पोत्यांनी आणावं लागेल. पाच-सहा टक्क्यांचं, म्हणजे दहा लिटर पाण्यात अर्धा किलोच्या आसपास द्रावण करा. ते कोमट असू द्या, कडकडीत नको, कारण पाणी फार गरम असलं की त्यातूनच पांढरा कॅल्शियम सायट्रेट खाली बसतो आणि एक क्षार काढता काढता दुसरा तयार होतो. गरम लाइनमध्ये हे द्रावण बादली आणि छोट्या पंपानं दोन-तीन तास फिरवा, वरचं टोक उघडं ठेवा, कारण आत वायू तयार होत असतो आणि त्याला वाट लागते. बादलीत फेस यायचा थांबला की एक तर क्षार संपला किंवा सत्त्व संपलं. लिटमस कागद अजून लाल होत असेल तर क्षार संपला. नसेल तर नवं द्रावण घाला. शेवटी धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवून साध्या पाण्यानं खळखळून घ्या. हातमोजे आणि चष्मा लागतोच, आणि त्या दिवशी नळांवर चिठ्ठ्या.

त्याआधी एक करा. ज्या मजल्यावर धार सगळ्यात बारीक आहे तिथे गरम पाइपाचा वीतभर तुकडा कापून बघा. आत झाडाच्या खोडासारख्या वर्तुळाकार कड्या दिसतील. मधे पेन्सिल जाईल एवढी वाट असेल तर सत्त्व काम करेल. वाटच नसेल तर आत द्रावण पोचणार कसं? तेवढा पाइप बदला. पाइपात अडकलेल्या क्षाराशी आठवडाभर कुस्ती खेळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

सफाईनंतर पुन्हा साचू नये म्हणून सॉफ्टनर घ्या, पण फक्त सोलरकडे जाणाऱ्या लाइनवर. अख्ख्या इमारतीला नको. दर माणशी रोज १३५ लिटर धरलं तर तुम्हाला साडेआठ हजार लिटरच्या वर पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं फ्लशमध्ये आणि फरशीवर जातं. तापतं ते तीन हजार. फ्लशला मऊ पाणी देऊन काय मिळणार?

सॉफ्टनर म्हणजे राळेच्या बारीक मण्यांची टाकी. मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा ताजे करायचे. तुमचा हिशेब असा: ६२० वरून १०० वर आणायचं, म्हणजे लिटरमागे ५२० मिलिग्रॅम, तीन हजार लिटरला दीड किलोच्या थोडं वर. १०० लिटर राळ एका धुण्यात साधारण पाच किलो क्षार धरते, म्हणजे तीन दिवसांनी एकदा धुणं, दर वेळी बारा-पंधरा किलो मीठ, महिन्याला दीडशे किलोच्या आत. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. अगदी मऊ पाणी धातूला खाऊ लागतं. बायपास कॉक थोडा उघडा ठेवून शंभराच्या आसपास राखा.

विक्रेता 'ताशी दोन हजार लिटरचं मशीन' म्हणेल. तो पाण्याचा वेग झाला, त्यावरून क्षमता कळत नाही. कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून मागा: राळ किती लिटर, ६२० हार्डनेसला दोन धुण्यांमध्ये किती लिटर पाणी मिळेल, एका धुण्याला मीठ किती आणि पाणी किती. जो चौथ्या प्रश्नावर अडखळतो त्याला लातूरमध्ये माल विकायचा हक्क नाही. १०० लिटर राळेच्या धुण्याला पाच-सातशे लिटर पाणी जातं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं बघितलं, तिथे हे विचारलंच पाहिजे. खळबळून निघणारं शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते वेगळ्या पिंपात घेऊन फ्लशला वापरा. मधलं खारट पाणी मात्र गटारातच सोडा. झाडांना नको, कारण सोडियमनं काळी माती चिकटून दगड होते. आणि बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात तर नकोच नको. असं करणारे महाभाग मी पाहिलेत.

या मऊ पाण्यात लिटरमागे २४० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम वाढलेलं असेल. म्हणून ते पिऊ नये आणि त्यात डाळही शिजवू नये. मेसची गार लाइन सॉफ्टनरच्या आधी वेगळी काढा. मावशींना डाळ-भाताला महापालिकेचं पाणी द्या. सोडा लागतो की नाही ते त्या दोन दिवसांत सांगतील. बोअरला गढूळपणा किंवा लोह असेल तर सॉफ्टनरआधी वाळूचा फिल्टर लागेल, नाहीतर राळ लवकर मरते.

चुंबकवाल्याबद्दल थोडक्यात. चुंबकानं पाण्यातला हार्डनेस कमी होत नाही, हे तोही कबूल करेल. क्षार 'चिकटत नाही' एवढाच त्याचा दावा असतो आणि त्याचा अनुभव एका जागी बरा, दहा जागी काहीच नाही असा आहे. त्याला म्हणावं, दोनपैकी एकाच कॉइलच्या टाकीला लाव, सहा महिन्यांनी दोन्ही उघडू आणि मग पैसे. आरओ तर अंघोळीच्या पाण्यासाठी उधळपट्टीच. बोअरच्या पाण्यातला मोठा वाटा, बरेचदा निम्मा, वाया जातो. तो पिण्यापुरता ठीक.

तापमानाचं एक पथ्य. कॉइलचा थर्मोस्टॅट ६० वर ठेवा. त्याच्या वर गेलात की क्षार झपाट्यानं बसतो. पण क्षाराच्या धास्तीनं ४५ वरही आणू नका. कोमट पाण्यात आणि टाकीतल्या गाळात लिजिओनेला नावाचा जंतू सुखानं वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या संघटनेच्या मेळाव्याला आलेल्या माजी सैनिकांना तो बाधला, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. आणि ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून बादलीत आधी गार, मग गरम, ही चिठ्ठी प्रत्येक न्हाणीघरात हवी.

उन्हाळ्यात सोलरवर थर्मोस्टॅटचा अंमल चालत नाही, तिथे ताडपत्री चालते. मार्चपासून सहापैकी दोन टाक्यांच्या ट्यूब झाका, परीक्षा संपून मुली गेल्या की चार किंवा पाच. झाकणं सूर्य उगवायच्या आधी. हिरवी शेडनेट पुरत नाही, जाड ताडपत्रीच हवी. पाणी मात्र टाक्यांत भरलेलंच राहू द्या. आणि बुडाचा कॉक दर पंधरवड्याला उघडून पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीन बादल्या काढा. हे काम कुणाचं, ते नाव घालून भिंतीवर लिहा.

सॉफ्टनर चालतोय का ते बघायला हार्डनेसचं थेंबांचं किट ठेवा. परीक्षानळीतलं पाणी जांभळट लाल होतं, थेंब टाकत गेलं की एका थेंबाला एकदम निळं होतं. किती थेंब लागले त्यावरून आकडा. दर सोमवारी मेसच्या हिशेबाच्या वहीतच टिपा, वेगळी वही हरवते. आकडा अचानक वर गेला तर आधी मिठाची टाकी बघा. दहापैकी आठ वेळा मीठच संपलेलं असतं.

केसांचं मी काय सांगू? जड पाण्यात साबणाचा थर केसांवर राहतो आणि केस राठ होतात, एवढं खरं. गळतात का, ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. मुली घर सोडून आल्यात, रात्री दोनपर्यंत जागतात, सकाळी पोहे अर्धे टाकून क्लासला पळतात. सगळं बोअरच्या माथी मारू नका. बादलीत निम्मं पाणी मऊ झालं तरी शाम्पूला फेस येईल आणि काही फोन आपोआप कमी होतील.

पावसाळ्याचं एक राहिलं. पावसाचं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं. तुमची गच्ची चारशे चौरस मीटर आणि पाऊस ७०० मिलिमीटर धरला, गळती-सांडवण वजा केली, तरी सव्वादोन लाख लिटर होतं. पहिल्या दोन-तीन सरींचं सोडून द्या, पुढचं गाळून हौदाच्या वेगळ्या कप्प्यात घ्या आणि सोलरला तेच चढवा. तेवढे दिवस सॉफ्टनरला मीठ लागणार नाही.

महापालिकेच्या पाण्याचा हार्डनेस तुम्ही पाठवलेला नाही. तोही त्याच लॅबमध्ये तपासून घ्या, बोअरचा मे महिन्यात पुन्हा एकदा. धरणाचं पाणी सहसा बोअरपेक्षा हलकं असतं. निम्म्यानं जरी हलकं निघालं आणि पिऊन-शिजवून काही उरत असेल, तर ते बोअरमध्ये मिसळून सोलरला देऊ, आणि मग सॉफ्टनर १०० ऐवजी ६०-७० लिटर राळेचाही पुरेल. तो आकडा हातात येईपर्यंत कोटेशनवर सही करू नका.